मॅग्नेशियम सल्फेटचा पोत्यात दगड होतोय? आधी ड्रायरची वाफ कमी करा

पोळा उरकला की मला एक फोन हमखास यायचा. अंबड, घनसावंगी, नाहीतर पैठणच्या बाजूचा एखादा कृषी सेवा केंद्रवाला. "साहेब, तुमच्या मॅग्नेशियमचा पार दगड झालाय. शेतकरी दुकानापुढं पोतं आपटून ऱ्हायलाय, या तुम्हीच बघायला." कपाशीची पानं लाल पडू लागली, म्हणजे लाल्या दिसू लागला, की फवारणीसाठी मॅग्नेशियम सल्फेट मागायला लोक याच दिवसांत येतात. माल सगळ्यात जास्त खपायच्या वेळीच आमची अब्रू जायची.

मी वाळूज एमआयडीसीतल्या एका लहान युनिटात उत्पादन बघतो. दिवसाला चार टन माल. सेलमकडून येणारा मॅग्नेसाइट, त्यात सल्फ्युरिक ॲसिड, मग गाळायचं, थंड करून स्फटिक पाडायचे, सेंट्रीफ्यूजमध्ये गरगर फिरवून पाणी झटकायचं, मग एफबीडी, म्हणजे गरम हवेवर माल उसळवत वाळवणारा ड्रायर, आणि शेवटी २५ किलोची पोती. सुरुवातीची तीन वर्षं मी या दगडाचं खापर ड्रायरवर फोडलं आणि औषध एकच दिलं: वाफ वाढव, वेळ वाढव. बॉयलरात जळणाऱ्या ब्रिकेटचा, म्हणजे पऱ्हाटी-बगॅस दाबून केलेल्या जळणाचा, खर्च चढत गेला, दगड तसेच. चौथ्या वर्षी तर मे महिन्यातही दगड झाले आणि तिथं माझी मती गुंग झाली. पावसाळ्यात ओल शिरते हे समजतं. मेमध्ये दुपारी तीनला आमच्याकडच्या हवेत ओल असते तरी कुठे?

उत्तर सापडायला वर्ष गेलं. ज्यांच्याकडे मॅग्नेशियम सल्फेट, झिंक सल्फेट किंवा असलंच स्फटिकजल धरून ठेवणारं मीठ एफबीडीत वाळतं, त्यांचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहितोय.

या मिठात निम्मं पाणीच असतं

आपण विकतो ते मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट. एका रेणूबरोबर पाण्याचे सात रेणू. वजनात मांडलं तर १०० किलो मालात ५१ किलो पाणी, आणि तरी हाताला खडखडीत कोरडं लागतं. म्हणजे ड्रायरमध्ये जातात ती दोन पाणी. एक स्फटिकाच्या अंगाला चिकटलेलं, दुसरं त्याच्या पोटातलं. पहिलं काढायचं, दुसऱ्याला धक्का लावायचा नाही. सगळी गोम इथंच आहे, कारण पोटातल्या सातांपैकी एक रेणू फार सैल बसलेला असतो.

साधारण ४८ अंश सेल्सिअसला तो सुटतो. हेप्टाचं हेक्सा होतं आणि सुटलेल्या पाण्यात ते मीठ स्वतःच थोडं विरघळतं. हवा कोरडी असेल तर ४८ ची वाटही बघावी लागत नाही. २५ अंशांना हवेतली आर्द्रता जवळपास ५० टक्क्यांच्या खाली गेली की काचेसारखा स्फटिक हळूहळू पांढरा पडतो, अंगावर पिठी धरतो. उघड्या ट्रेमध्ये आठवडाभर राहिलेला माल बघितला असेल तर ही पिठी तुम्ही ओळखता. झिंक सल्फेटवाल्यांचं दुखणं याहून नाजूक, त्यांचं हेप्टा ३९ अंशांनाच मोडायला लागतं. उन्हाळ्यात आपल्याकडे नुसती सावलीतली हवाच तेवढी तापते.

हेक्सा झालेला माल पॅकिंगच्या वेळी फार छान दिसतो. भुरभुरीत, वाहता. ऑपरेटर खूश, मीही खूश. पण तो पाण्याला आसुसलेला असतो. गोदामात पावसाळी हवा लागली की हरवलेला रेणू परत ओढतो, आणि ओढताना शेजारच्या कणाशी जुळून बसतो. आपण जास्त वाळवला म्हणून त्याचा दगड झाला, आणि दगड झाला म्हणून आपण पुढची बॅच आणखी वाळवली. तीन वर्षं मी हेच चक्र फिरवत होतो.

आधी दगड फोडून बघा

तक्रार आली की लॅबला नमुना मागू नका, अख्खं पोतं परत मागवा. पोतं उभं चिरायचं, वरून खालपर्यंत, लायनरसकट, म्हणजे आतल्या प्लास्टिकच्या पिशवीसकट. मी हे पॅकिंग हॉलच्या फरशीवर करतो आणि चिरलेल्या पोत्याकडे दोन मिनिटं नुसता बघत बसतो. लोक हसतात. पण दगड कुठून धरायला सुरू झाला हे त्या कापात लिहिलेलं असतं.

बाहेरचा दोनतीन बोटांचा थर कडक आणि गाभा मोकळा असेल, तर ओल बाहेरून आली. लायनर फाटलाय, नाहीतर तोंड नुसतं सुतळीनं बांधलंय, किंवा थप्पी फरशीवर लावलीय. यात ड्रायरचा काही संबंध नाही. लायनर हीट सील करा, खाली लाकडी पॅलेट टाका, आणि विषय संपला.

लायनरच्या आतल्या अंगाला घामाचे थेंब किंवा थेंब वाळल्याचे डाग दिसले, आणि भिंतीलगतचा माल एकमेकांना घट्ट धरून बसला असेल, तर पोतं गरम भरलंय. ४५ अंशांचा माल पोत्यात बांधला की बाहेरचा भाग रात्रीत निवतो, गाभा मात्र एकदोन दिवस ऊब धरून राहतो. वाफ गाभ्यातून निघते आणि थंड भिंतीशी येऊन पाणी होते. माल पूर्ण कोरडा असला तरी हे होतं, हे मला आधी पटत नव्हतं.

अख्खं पोतं एकसारखं कडक, फोडल्यावर तुकड्यात स्फटिकांचे चमकते कोपरे दिसतात आणि कणाकणांमध्ये साखरेच्या पाकासारखी पांढरी शिवण दिसते, हा तिसरा प्रकार. इथं अंगाचं मदर लिकर, म्हणजे स्फटिक पाडल्यावर मागं उरलेला मिठाचा द्राव, सेंट्रीफ्यूजमध्ये निघालेलं नाही. ते ड्रायरमध्ये जागच्या जागी वाळलंय आणि त्यातल्या मिठानं सांधे भरलेत.

चौथा म्हणजे मळकट पांढरा, खडूसारखा दगड, चमक गेलेली, कडेला पिठी. हा जास्त वाळवलेल्याचा. पहिल्यांदा असं पोतं चिरलं तेव्हा मीच म्हणालो होतो, "बघा, ओला राहिला माल!"

बेडचं तापमान पळालं की थांबा

आमच्या ड्रायरवरचे मामा वीस वर्षांचे जुने. त्यांचा नियम पंचेचाळीस मिनिटांचा. बाऊलमध्ये, म्हणजे ड्रायरच्या भांड्यात, २०० किलो माल, आत येणारी हवा ५५ अंश, पंचेचाळीस मिनिटं. का, तर पहिल्या मालकांनी सांगितलं होतं. मी एकदा त्यांच्याजवळ स्टूल टाकून बसलो आणि दर मिनिटाला तीन आकडे वहीत उतरवले: आत येणारी हवा, बेड (म्हणजे बाऊलमधला माल) आणि बाहेर जाणारी हवा.

जुलैचा दिवस होता, बाहेर २८ अंश, पाऊस भुरभुरत होता. बाऊल लावल्यावर बेड ३३ वर येऊन बसला आणि तिथंच राहिला. दहा मिनिटं, बारा मिनिटं, हलायला तयार नाही. चौदाव्या मिनिटाला ३४. सोळाव्याला ३६. मग मात्र सुटला: विसाव्याला ४१, सव्विसाव्याला ४७, आणि पुढं सावकाश पन्नाशीकडे. मी बाऊल उतरवायला सांगितला तर मामा म्हणाले, "साहेब, ओलं राह्यलं तं बोलणी आपल्यालाच बसतेत. धा मिनिटं जास्त फिरलं तं काय बिघडतं?"

काय बिघडतं ते असं. अंगावर पाणी असतं तोवर येणारी सगळी ऊब त्या पाण्याची वाफ करण्यात जाते, म्हणून माल तापत नाही. ओल्या फडक्यानं गुंडाळलेलं थर्मामीटर जे दाखवतं त्याच्या आसपास बेड बसून राहतो. अंगचं पाणी संपलं की ऊब मालात शिरते आणि आकडा पळतो. ते पळणं म्हणजेच काम झाल्याची खूण. त्यानंतर जे निघतं ते पोटातलं पाणी. ते अंगच्या पाण्यापेक्षा जास्त ऊब खातं, कारण ते बांधलेलं आहे, आणि त्याच्याबरोबर आपलं वजनही जातं. सगळा माल हेक्सा झाला तर टनामागे ७३ किलो कमी. तीस टक्के झाला तरी २२ किलो. आपण माल किलोवर विकतो. म्हणजे ब्रिकेट जाळून आपलाच माल धुराड्यातून सोडायचा, वर तक्रारही घ्यायची.

इंधनाचा हिशोबही याच तीन आकड्यांतून निघतो. आत येणाऱ्या हवेतून बाहेर जाणारीचं तापमान वजा करा, त्याला आत येणारी वजा बाहेरचं वातावरण यानं भागा. किती ऊब कामी आली ते समजतं. पहिल्या बारा मिनिटांत बाहेर जाणारी हवा ३४: ५५ वजा ३४ म्हणजे २१, भागिले २७, जवळपास ७८ टक्के. चाळिसाव्या मिनिटाला बाहेर जाणारी ५०: ५ भागिले २७, म्हणजे १८ टक्के. शेवटच्या निम्म्या वेळात आम्ही वाफेनं आभाळ तापवत होतो. फुटक्या कवडीइतकंही काम होत नव्हतं, हे त्या वहीत निळ्या शाईत होतं.

आता आमचा नियम घड्याळाचा नाही. बेड आपल्या जागेवरून तीन अंश चढला की वाफ बंद, ब्लोअर चालू. हवा तापवणाऱ्या वाफेच्या कॉइलमध्ये उरलेली ऊब पहिली दोनतीन मिनिटं वाळवायचं काम पुरं करते, पुढची पाच मिनिटं तीच हवा माल निववते. बाऊल एकूण पंचवीस मिनिटांत खाली येतो. एका शिफ्टमध्ये तेवढाच माल काढायला बॉयलर आता कमी वेळ पेटवावा लागतो. मामा पहिले चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मार्च ते मे दुपारी वाफ देऊच नका. बाहेरची हवा ४० अंश आणि आर्द्रता वीसच्या आसपास असताना निसर्गानं फुकट तापवून दिलेली हवा बाऊलमध्ये सोडा. बेड २४-२५ ला बसतो, वेळ थोडा जास्त लागतो, ब्रिकेट लागत नाही. फक्त थांबायची खूण इथंही तीच. हवा इतकी कोरडी असते की अंगचं पाणी संपलं की ती लगेच पोटातल्याला हात घालते. पावसाळ्यात उलट भीती लोकांना वाटते की ओल्या हवेनं माल वाळणार कसा. २८ अंशांची ८५ टक्के आर्द्रतेची हवा ४५ पर्यंत तापवली की तिची आर्द्रता तेहतिसाच्या आसपास येते. ती वाळवायला भरपूर आहे. जादा वाफेची गरज नाही, गरज आहे ती फिंगर बॅगा (बाहेर जाणाऱ्या हवेतली पिठी अडवणाऱ्या कापडी पिशव्या) आणि इनलेट फिल्टर झटकून ठेवायची. आमच्या निम्म्या 'ड्रायर कमी पडतोय'च्या तक्रारी चोंदलेल्या बॅगांच्या निघाल्या. हवा कमी जायची, बेड उसळायचा नाही, मधोमध भोक पडून हवा तिथूनच निघून जायची आणि कडेचा माल ओला राहायचा.

एलओडीचा आकडा तुम्हाला फसवतोय

एलओडी म्हणजे माल तापवल्यावर घटलेलं वजन, आणि त्यालाच आपण ओल समजतो. मॉइश्चर ॲनलायझर १०५ अंशांवर लावून माल ठेवला की आकडा वाढतच राहतो. दोन टक्के, पाच, नऊ. कारण तो पोटातलं पाणी मोजतोय. तुम्ही तीन मिनिटांनी थांबलात तर एक आकडा, दहा मिनिटांनी थांबलात तर दुसरा. आमच्या लॅबमधला पोरगा पाच मिनिटांवर थांबायचा आणि रात्रपाळीचा सात मिनिटांवर. त्यावरून दिवसाचा माल पास आणि रात्रीचा फेल व्हायचा, आणि रात्रीच्या मालाला म्हणून आणखी वाफ.

त्याऐवजी मालातलं मॅग्नेशियम मोजणारं ईडीटीए टायट्रेशन करा. पाण्याचा जडपणा मोजायचं सामान प्रत्येक लॅबमध्ये असतं, तेच लागतं. १ ग्रॅम माल १०० मिली पाण्यात विरघळवा, त्यातले १० मिली घ्या, अमोनिया बफर, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि ०.०१ मोलर ईडीटीए. द्राव जांभूळरसासारखा लालसर असतो, थेंब टाकता टाकता एका थेंबाला स्वच्छ निळा होतो. शुद्ध हेप्टाला ४०.६ मिली लागतात. पूर्ण हेक्साला ४३.८. ब्युरेट ४१.५ च्या पुढं गेली की माल जास्त वाळलाय, ४० च्या खाली थांबली की अंगावर पाणी आहे. मॅग्नेशियमच्या टक्क्यांत बोलायचं तर हेप्टात ९.८६, हेक्सात १०.६४. शेठला वाटायचं टक्का वाढला म्हणजे माल भारी झाला. त्यांना समजावायला मला वजनकाटा दाखवावा लागला.

एक सावधानता. बाहेरून ओला आणि आत जास्त वाळलेला असा मिसळीचा माल असेल तर दोन्ही चुका एकमेकींना झाकतात आणि ब्युरेट ४०.६ च दाखवते. म्हणून बाऊलच्या मधून आणि कडेनं वेगवेगळे नमुने घ्या.

पाणी काढायची स्वस्त जागा सेंट्रीफ्यूज आहे

एक किलो मदर लिकर स्फटिकाच्या अंगावर राहिलं तर ड्रायरला त्यातलं अर्धा किलो पाणी उडवायचं असतं. उरलेलं जवळजवळ अर्धा किलो मीठ तिथंच बसतं, दोन कणांच्या सांध्यात. दगडाची शिवण ती हीच. ड्रायर कितीही चांगला चालवा, ही शिवण तो काढू शकत नाही, तोच ती घालतो.

हिशोब सांगतो. टनामागे केकमधलं, म्हणजे सेंट्रीफ्यूजमधून निघालेल्या ओल्या मालातलं, पाणी ६० किलोवरून ३० वर आणलं, तर तीस किलो पाणी उडवायचं वाचतं. नुसती वाफ करायला किलोला सुमारे २४०० किलोज्यूल. ड्रायर, पाइप, बॉयलर यांची गळती धरली की टनामागे पंधरा-सोळा किलो ब्रिकेट सहज वाचते. त्यासाठी सेंट्रीफ्यूजची ११ किलोवॉटची मोटर प्रत्येक भराला तीन मिनिटं जास्त फिरवावी लागते, म्हणजे भरामागे अर्धं युनिट वीज. पऱ्हाटीची असो की बगॅसची, ब्रिकेट पावसाळ्यात ओली येते आणि धुरातच जाते, तेव्हा तर हा सौदा आणखी फायद्याचा.

पण तीन मिनिटांनी फरक पडेना तर स्फटिक बारीक आहेत. आमच्याकडे जानेवारीत रात्री पारा दहा-बारावर जातो आणि क्रिस्टलायझर एकदम निवतो. सकाळी आत रव्यासारखा माल. बारीक स्फटिक ओल्या वाळूसारखे पाणी धरून बसतात, सेंट्रीफ्यूजचं कापडही बुजवतात. क्रिस्टलायझरभोवतीच्या जॅकेटचं थंड पाणी रात्री कमी करून आणि आदल्या बॅचचे चार-पाच किलो स्फटिक बी म्हणून टाकून आम्ही दाणा मोठा केला. मोठा दाणा पाणी झटकून सोडतो. कापड आठवड्याला धुवा, एवढं बोलून हा विषय सोडतो.

बोअरचं पाणी एप्रिलमध्ये, दगड ऑगस्टमध्ये

वर्षभर शोधत होतो ते कारण हे निघालं. आम्हाला एमआयडीसीचं पाणी जायकवाडीचं येतं. उन्हाळ्यात कपात लागली की बोअर आणि टँकर. काळ्या दगडातून आलेलं ते पाणी जड असतं, क्लोराईड भरपूर. आम्ही समजायचो, रिॲक्टरमध्ये सगळं गाळलं जातं. क्लोराईड गाळणीत अडकत नाही.

आता बघा काय होतं. हेप्टाचा प्रत्येक टन स्वतःबरोबर अर्धा टन पाणी घेऊन पोत्यात जातो, पण ते निव्वळ पाणी. त्या पाण्यातलं क्लोराईड स्फटिकात जात नाही, मदर लिकरमध्ये मागं राहतं. ते मदर लिकर आपण परत रिॲक्टरला घेतो. बोअरच्या पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्लोराईड धरा, चार टन माल धरा, तर रोज अर्धा किलो जमा. दोन महिन्यांत पंचवीस-तीस किलो, सगळं एका सहा हजार लिटरच्या टाकीत. ते मॅग्नेशियम क्लोराईड होऊन स्फटिकाच्या अंगाला लागतं. आणि मॅग्नेशियम क्लोराईडचा स्वभाव असा की हवेत ३३ टक्के आर्द्रता असली तरी तो पाणी ओढून पाझरतो. तेवढी आर्द्रता जूनपासून आपल्याकडे चोवीस तास असते. शुद्ध मॅग्नेशियम सल्फेट ९० टक्क्यांच्या आसपास पाझरतं, त्याला आपल्या पावसाळ्यात दिवसा काही होत नाही.

म्हणजे एप्रिलमध्ये बोअरचं पाणी घेतलं, जूनपर्यंत लिकर खारट झालं, जुलैचा माल ऑगस्टमध्ये दगड झाला. मी प्रत्येक वेळी जुलैचा ड्रायर तपासत होतो.

तपासणी सोपी. मालाचं द्रावण करा, दोन थेंब नायट्रिक ॲसिड, मग सिल्व्हर नायट्रेट. नुसती धुरकट झाक आली तर चालेल, दही पडल्यासारखं झालं तर लिकर बदला. आम्ही आता बोअरच्या दिवसांत दर पंधरवड्याला टाकीतला पाचवा हिस्सा काढून वेगळा ठेवतो, आणि रिॲक्टरला शक्य तेवढं बॉयलरचं कंडेन्सेट, म्हणजे वाफ निवून झालेलं पाणी, वापरतो. कंडेन्सेटमध्ये क्लोराईड नसतं.

कंडेन्सेटवरून आठवलं. तुमच्या एफबीडीच्या कॉइलचं कंडेन्सेट गटारात जात असेल तर आधी ते थांबवा. फीड वॉटर सहा अंश गरम मिळालं की बॉयलरचं एक टक्का इंधन वाचतं, हा जुना आणि खरा हिशोब आहे. आणि ट्रॅप, म्हणजे कंडेन्सेट सोडून वाफ अडवणारा व्हॉल्व्ह, ऐका. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ट्रॅपवर, मूठ कानाला. ठक-ठक थांबून थांबून आलं तर ठीक, सलग सूंऽऽ आलं तर तो जिवंत वाफ सोडतोय. आमच्या चारपैकी दोन ट्रॅप सोडत होते.

आणि मे महिन्यातला दगड

हा ड्रायरमध्ये झालाच नव्हता. एका दुपारी तीनला मी गोदामात थप्पीच्या सर्वांत वरच्या पोत्यावर थर्मामीटर ठेवला. पत्र्याखाली चार फुटांवर. ५१ अंश. खालच्या ओळीत ३९.

वरच्या दोन ओळींतली पोती रोज दुपारी ४८ ची रेघ ओलांडत होती. लायनर सील केलेला, त्यामुळे सुटलेलं पाणी आत अडकून मालच भिजवायचं. रात्री निवलं की परत धरायचं. आठ-दहा दिवस असं झालं की पोतं सिमेंटच्या ब्लॉकसारखं. आणि आम्ही पोती खालून उचलत नाही, वरूनच उचलतो, म्हणून गाडीत पहिल्यांदा चढायची ती हीच. पत्र्याला वरून पांढरा रंग दिला, कडेला दोन टर्बो व्हेंटिलेटर बसवले आणि मेमध्ये थप्पी दहाऐवजी सहा ओळींची केली. पुन्हा थर्मामीटर ठेवला तेव्हा ४४. गाडी काळ्या ताडपत्रीखाली भर उन्हात ढाब्यावर उभी राहिली तर काय होत असेल त्याचा अंदाज करा. आता गाड्या संध्याकाळी सहानंतरच सोडतो.

पॅकिंगही उन्हाळ्यात पहाटे करतो, माल ३५ च्या खाली असताना. पावसाळ्यात मात्र पहाटे नको. झड लागलेली असली की सकाळच्या हवेची आर्द्रता नव्वदीच्या वर असते. तेव्हा दहा-अकराला, हवा जरा सुटली की भरायचं, आणि रात्रीचा माल ट्रेमध्ये उघडा ठेवायचा नाही.

झालेल्या दगडाचं काय करायचं हे सगळे विचारतात. दळून पुन्हा ड्रायरला लावू नका. दळताना पिठी होते आणि ती पंधरा दिवसांत परत धरते, हे मी दोनदा करून पाहिलंय. आधी सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. दही पडलं नाही तर फोडून थेट रिॲक्टरमध्ये, मॅग्नेसाइटच्या पुढच्या चार्जबरोबर. दही पडलं तर वेगळ्या टाकीत विरघळवून थोडा थोडा मिसळा, एका बॅचला पन्नास किलोच्या वर नको. आणि प्रत्येक पोत्यावर मार्करनं लिहून ठेवा, बाहेरून कडक, भिंतीलगत, एकसारखा की खडूसारखा. आमच्या गोदामाच्या दारामागं तो तक्ता टांगलाय. यंदा ऑगस्टअखेर त्यावर सात पोती आहेत, त्यातली पाच फाटलेल्या लायनरची.